भोकाच्या खुर्चीत कोण बसलंय?

मित्रांनो, एवढ्यात नाक दाबू नका! मी एक जुनी खुर्ची आहे. ठेंगणी, फणसाच्या लाकडाची, दोन्ही बाजूंना हात असलेली. आणि माझ्या बैठकीच्या मधोमध एक गोल भोक आहे. कळलं ना आता, मी कशासाठी आहे ते? हसा, हसून घ्या. शिरगावातली सगळी पोरं हसून झाली आहेत. पण माझी गोष्ट ऐकताना तुम्ही शेवटपर्यंत हसाल, असं मला वाटत नाही.

आमच्याकडे खुर्चीला कदेल म्हणतात. गोवा मुक्त होऊन वीसेक वर्षं झाली होती. पोर्तुगीज गेले, पण त्यांचं कदेल आणि जनेल, म्हणजे खिडकी, आमच्या घरांतच राहून गेलं. त्या वर्षांत दोडामार्गाकडचा शांताराम खाणीवर टिपर चालवायला शिरगावात आला. बायको जानकी आणि एकुलती एक मुलगी आनंदी. तिला सगळे आनू म्हणत. रस्त्याच्या कडेला दोन खोल्यांचं भाड्याचं घर, आणि दारासमोरून दिवसभर खनिजाचे ट्रक. अंगण लाल, तुळस लाल, दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदराही संध्याकाळपर्यंत लाल!

तेव्हा घरात संडास नव्हता. मोठी माणसं मागच्या माळावर जात. आनू तीन वर्षांचीही नव्हती. तिला माळावर बसवलं, की नेमका एखादा ट्रक कर्कश हॉर्न मारायचा, आणि ही बया चड्डी हातात घेऊन घराकडे धूम! मग जे व्हायचं ते उंबऱ्यातच व्हायचं. जानकी रोज उंबरा धुवायची आणि रोज कपाळाला हात लावायची.

शांतारामनं एका भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरी मुलांचं भोकाचं कदेल पाहिलं होतं. तो तडक बाबली मेस्ताकडे गेला. मेस्त म्हणजे सुतार.

"मेस्ता, पोरीक बसूक एक कदेल करून दी. मधी भोक ठेव."

बाबलीनं कानावरची पेन्सिल काढली, शांतारामकडे पाहिलं आणि ती परत कानावर ठेवली. "शांतारामा, माझ्या हातच्या मखरात गणपती बसता. आणि तू माका हगूचा कदेल करूक सांगतस?"

"गणपती दीड दिवस बसता, मेस्ता. माझा पोर रोज बसतला. बघ, पुण्य खंय जास्त मेळता!"

बाबली असा हसला, की त्याच्या तोंडातली विडी माझ्यावरच पडली. माझ्यावर म्हणजे तेव्हा मी नुसती एक फळी होते, चौकटीतून उरलेली. तो डाग अजून माझ्या पाठीवर आहे. मग त्यानं सुतळी घेऊन आनूच्या बुडाचं माप घेतलं. आनू खिदळत होती आणि बाबली तिला दटावत होता, "हालू नको गो! भोक मोठा झाला तर भितर पडतलंस!" माझ्या भोकाची कड त्यानं इतकी घासली, इतकी घासली, की देव्हाऱ्यालाही माझा हेवा वाटावा. वर एक झाकण केलं, त्याला मूठ लावली. खाली ठेवायला शांतारामनं म्हापशाच्या बाजारातून तामचिनीचं भांडं आणलं, पांढरं, निळ्या काठाचं. झाली मी तयार!

आता शांतारामची शिकवणी ऐका. पहिल्या खेपेला तो अंधूक उजेडातच निघायचा. त्याआधी आनूला माझ्यावर बसवायचा आणि स्वतः समोर उकिडवा बसायचा. आनूनं माझे दोन्ही हात घट्ट धरायचे, कारण ते स्टेअरिंग, आणि ट्रक खनिज ओतायला नदीकाठच्या जेटीकडे निघालेला.

"घाल पयलो गिअर! घुर्रर्र... चढ इली, दुसरो घाल. इलो, इलो, जेटी इली! आता टिपर वर कर, वर कर... आणि सोड माल!"

भांड्यात आवाज झाला, की बापलेक दोघंही टाळ्या पिटायची. "माल पोचलो!" आतून जानकी ओरडायची, "अवो, हळू! शेजारी काय म्हणतले?" मग झाकण. झाल्यावर झाकण घालायचं, हा शांतारामचा नियम. आनू तो इतका पाळायची, की पुढे ताटावर, डब्यावर, जे उघडं दिसेल त्यावर झाकण ठेवत सुटायची. महिनाभरात उंबरा कोरडा झाला. जानकी येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवायची. अशी खुर्ची अख्ख्या वाड्यावर नव्हती, मित्रांनो! मी मिरवत होते नुसती.

आणि मग चैत्रात एका वळणावर शांतारामचा टिपर कलंडला.

त्याला घरी आणलं तेव्हा मी खिडकीखाली होते. मला कुणी बाजूलाही केलं नाही. खोलीत इतकी माणसं, की मला फक्त पाय दिसत होते. आनूला कुणीतरी उचलून शेजारी नेलं. ती परत आली तेव्हा बाप घरात नव्हता. जिथं त्याला ठेवलं होतं तिथं एक पणती जळत होती, आणि पणतीपुढे तांदळाचं पीठ पसरून त्यावर टोपली पालथी घातली होती.

हे कशासाठी, ते तुमच्या घरातली मोठी माणसं सांगतील. गेलेल्या माणसाचा जीव पुढे कुठल्या रूपात गेला, त्याचं पाऊल त्या पिठावर उमटतं म्हणतात. कुणाला चिमणीचा पाय दिसतो, कुणाला गाईचा खूर. शांतारामची थोरली बहीण चंद्रावती गावाहून आली होती. पीठ तिनंच पसरलं होतं. सकाळी टोपली उचलायची होती तीही तिनंच.

पण चंद्रावतीच्या आधी आनू उठली. तिची रोजची वेळच ती. बायका रडून रडून दमून जिथं होत्या तिथंच कलंडल्या होत्या. आनू माझ्याकडे आली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. समोर उकिडवा बसणारा कुणी नव्हता. घरात उजेड होता तो फक्त पणतीपाशी. मग तिनं माझ्या खालचं भांडं काढलं, पणतीपाशी नेलं, टोपली सरकवली आणि भांडं पिठावर ठेवून त्यावर बसून राहिली. वाट बघत. कुणी गिअर घातला नाही. काहीच झालं नाही. मग तिनं भांडं उचलून परत माझ्या खाली आणून ठेवलं. आणि टोपली? टोपली नीट पालथी घातली. झाकण घालायचं, हा नियम होता ना!

भांड्याच्या बुडाला पीठ लागलं होतं. पण त्या दिवशी माझ्याकडे बघतो कोण?

उजाडल्यावर चंद्रावतीनं टोपली उचलली आणि तिचा हात वरच राहिला. पिठावर एक वाटोळी खूण होती. स्वच्छ, गोल, कुठं तुटलेली नाही.

"ह्या काय गो बाये?" शेजारची पद्मावती पुढे वाकली. "खूर न्हय. पाय न्हय."

"चाक असात," कुणीतरी म्हणालं. "गाडयेवर जीव होतो त्याचो."

"चाकाक रेघो असतत." चंद्रावतीचा आवाज घोगरा झाला होता. तिची नजर खोलीभर फिरली. देव्हारा, माठ, जातं. आणि मग ती माझ्यावर थांबली. माझ्या गोल झाकणावर. "जानके! ता कदेल त्याणा कोणासाठी करून घेतलान? पोरीसाठी. त्याचो जीव पोरीत. तो खंय जातलो? तो थंयच बसलोहा."

मित्रांनो, मी त्या वेळी किती ओरडले असेन! तसं नाही, तसं नाही हो, ही तर आनू! पण लाकडाचं ओरडणं कुणाला ऐकू येतं?

त्या दिवसापासून माझं दैवत झालं. मला धुतलं, पुसलं, खिडकीजवळच्या कोपऱ्यात पाटावर ठेवलं. विचार करा, शीच्या खुर्चीला हळद-पिंजर आणि वर जास्वंदीचं फूल! भांडं मागच्या पायरीवर गेलं. एरवी मला गंमत वाटली असती. पण तिन्हीसांजेला जानकी माझ्यासमोर येऊन बसायची. कपात चहा, बशीत पावाचा तुकडा. आणि बोलायची. हळू, रोजच्यासारखं.

"पोदेर आज उशिरा इलो. पाव थंड होते... वन्सं जाऊक निघाली होती, मीच ठेवून घेतलंय... आनू माझ्या कुशीत येऊक तयार नाय. तुमी सांगा तिका."

संध्याकाळी हवा थंडावली, की फणसाचं लाकूड कट्‌ करून वाजतं. आयुष्यभर वाजत आलंय. पण आता तो आवाज झाला, की जानकी एकदम मान वर करायची. तिच्या डोळ्यांत असं काही यायचं, की मलाच माझा संशय येऊ लागला. खरंच तो मी वाजवला? की आणखी कुणी? माझ्या भोकात आता अंधार होता आणि त्यावर झाकण होतं. त्या अंधारात मी कान लावून बसायची. घुर्रर्र... असं कुठं ऐकू येतंय का? कधी कधी यायचंसुद्धा. बाहेरून ट्रक जात असेल, अशी मी मनाची समजूत घालायची.

आणि आनू?

आत्यानं तिला सांगून ठेवलं होतं, "हात लावू नको हां. बाबा बसलेहत थंय."  आनू दारात उभी राहायची आणि माझ्याकडे बघायची. माळावर नेलं तर बसायची नाही. मागच्या दारी बसवलं, तर पाय आवळून घट्ट. दिवस गेले. पोट फुगलं, टणक झालं, अंगात कणकण आली. चंद्रावतीनं एरंडेल पाजलं, नागवेलीच्या पानाचा देठ तेलात बुडवून पाहिला. मोठी माणसं लहानांचे जे जे हाल मायेनं करतात, ते सगळे झाले. आनू दात आवळून पडून राहायची. डिचोलीच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि जानकीला म्हणाले, "पोर मुद्दाम अडवून धरतेय, बाई. असंच चाललं तर आतून इजा होईल तिला. कशाला घाबरलीय ते आधी शोधा."

शोधायला लांब जावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आनू अंगणात खेळत होती. मी खिडकीजवळ, त्यामुळे मला सगळं दिसत होतं. तिनं मागच्या पायरीवरचं भांडं आणलं होतं आणि ती ते लाल मातीत दाबत होती. उचलायची, पुढे सरकायची, परत दाबायची. अंगणभर वाटोळी, वाटोळी, वाटोळी!

जानकी केर टाकायला बाहेर आली आणि थबकली.

"काय करतस गो?"

"बाबांक बोलावतंय."

"असा करून?"

"त्या दिवशी केलेलंय तसा. दिव्याकडे, पिठात." आनूनं रस्त्याकडे पाहिलं. "इले नाय."

जानकी कितीतरी वेळ त्या वाटोळ्यांकडे बघत राहिली. मला वाटलं, सुटले! आता ती धावत आत येईल, चंद्रावतीला हाक मारेल, माझ्यावरचं फूल काढेल. पण तिनं काय केलं माहीत आहे? तिनं पायानं ती वाटोळी पुसून टाकली. एक-एक करत, सगळी. आणि संध्याकाळी चहा घेऊन माझ्यापुढे बसली, रोजच्यासारखी.

 मग म्हणाली, "तुमी नाय हयसर. माका कळला." तिनं कप माझ्यापुढे सरकवला. "पण कोणाक सांगा नकात. माका तुमी लागतास."

मित्रांनो, तिला वाईट म्हणू नका. माझ्याकडून तर तसं कधीच म्हणवणार नाही.

पण पोट थांबत नाही. त्याच्या पुढच्या दुपारी आनूला कळ आली. ती भिंतीला धरून उभी राहिली, गुडघ्याला गुडघा लावून. तोंड घामानं डबडबलेलं, ओठ पांढरे. ती माझ्यासमोर आली आणि मग आईकडे वळली. रडलीसुद्धा नाही. अगदी शहाण्या माणसासारखी म्हणाली,

"आये, बाबांक सांग मगे, जरा उठा म्हणान."

जानकीच्या हातातलं सूप खाली पडलं.

ती आली. माझ्यावरचं फूल तिनं उचललं आणि खिडकीत ठेवलं. पदरानं पिंजर पुसली. मला पाटावरून खाली घेतलं. तोवर चंद्रावती धावत आली.

"जानके, काय करतस? पाप लागात!"

"वन्सं, थंय कोण नाय. ती खूण आनूच्या भांड्याची."

"कोण म्हणता?"

"माझ्या डोळ्यांनी बघितलंय मी."

चंद्रावतीनं माझा एक हात गच्च धरला.  "तिकडे खाणीर त्याका एकदा मारलानी. आता तू घरात परत मारतस?"

जानकीनं झाकणाची मूठ धरली. "मारतंय तर मारतंय. माझा पोर जगांदे."

आणि तिनं झाकण उघडलं.

किती दिवसांनी माझ्यात उजेड आला! जानकी खाली बसली, आनूला जवळ ओढलं आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "आनू, बाबा मेले. टिपर कलंडलो आणि मेले. ते हयसर नाय, बाहेर नाय, रस्त्यार नाय. आता ते येवचे नाय."

आनू माझ्या भोकाकडे बघत होती. जानकीनं आपला हात त्या भोकातून आत घातला, कोपरापर्यंत, आणि खालून बोटं हलवून दाखवली. आनू वाकली. तिनं खालून ती बोटं पाहिली, वरून हात पाहिला. मग आपला इवलासा हात घातला. आत चाचपलं, या कडेनं, त्या कडेनं. खरं सांगू? तिच्याबरोबर मीही आत चाचपत होते. कुणी आहे का? शांतारामा, आहेस का रे?

कुणी नव्हतं. मी रिकामी होते. जशी बाबलीनं केली होती तशीच.

"रिकामा," आनू म्हणाली.

जानकीनं भांडं खाली सरकवलं आणि तिला बसवलं. आनूनं माझे हात धरले. जानकीनं कसाबसा आवाज काढला, "घाल पयलो गिअर... घुर्र..."

"तू नको!" आनू किंचाळली. "तो बाबांचो!"

 जानकीनं फक्त आनूचे गुडघे धरले. आणि मग आनूचा चेहरा वाकडा झाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती बापासाठी रडली. भोकाड पसरून, नाक-तोंड एक करून, घर डोक्यावर घेऊन. रडताना माणसाला काही आवळून धरता येत नाही, मित्रांनो. रडता रडता तिचं पोट सुटलं. तिला खूप दुखलं. जानकीनं तिचे गुडघे सोडले नाहीत. मायलेकी दोघीही रडत होत्या, आणि माझ्या लाकडाच्या रेघारेघांत ते रडणं मुरत होतं.

थोड्या वेळानं चंद्रावती आली. कोमट पाण्याची बादली घेऊन आली होती. तिनं आनूला धुतलं, पुसलं, खांद्यावर टाकलं. आणि भांडं उचलून स्वतःच मागच्या दारी गेली.

त्यानंतर मी पुन्हा साधं कदेल झाले. आनू माझ्यावर बसायची, कंटाळली की गाणी म्हणायची. मोठी झाली, शाळेत गेली. मग पद्मावतीच्या नातवंडांना मी हवी झाले, मग आणखी कुणाला. अर्ध्या वाड्याचं शिक्षण माझ्यावर झालं म्हणा ना! पुढे घराघरांत संडास आले, प्लॅस्टिकची बदकं-हत्ती आले, आणि मी आनूच्याच घरी मागच्या खोलीत सांदीला पडले. पाठीला थोडी वाळवी लागली आहे. एक हात डगमगतो. पण माझी तक्रार नाही.

फक्त एक गोष्ट आहे. वर्षातून एकदा, चैत्रात, चंद्रावती दोडामार्गाहून येते. आता खूप म्हातारी झाली आहे, काठी टेकत येते. घरातली पोरं बाहेर गेलेली बघून ती मागच्या खोलीत शिरते, माझ्या हातावरून हात फिरवते आणि हळूच विचारते, "शांतू, आसस रे?"

मी काय सांगणार? लाकूड कधी वाजतं, कधी वाजत नाही. एखाद्या वर्षी ते नेमकं तेव्हाच कट्‌ करून वाजतं. मग ती डोळे पुसते आणि जाते. पुढे कितीतरी वेळ मी माझ्या आत कान लावून बसते. मी रिकामी आहे, हे मला ठाऊक आहे. आनूनं चाचपून पाहिलेलं आहे. तरी बसते.

म्हणून, मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. घरात लहान भावंड बसायला शिकत असेल, तर त्याला घाई करू नका. त्याच्यासमोर उकिडवे बसा आणि त्याचे गुडघे धरा. कुणी गेलं असेल, तर ते गेलं हे त्याला नीट सांगा. आणि एखादं म्हातारं माणूस रिकाम्या खुर्चीशी बोलत असेल, तर तेवढा वेळ दार हळूच ओढून घ्या.